ग्रामपंचायतीतील महिला आरक्षणाने खरोखर काही बदलले का?

बदलले, पण केवळ जागा राखीव झाल्याने नव्हे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये तो वाटा निम्म्यावर नेला. तरीही सरपंचबाई खुर्चीवर आणि ठराव सांगायला शेजारी त्यांचे यजमान, हे दृश्य अनेक गावांत अजून दिसते. (शिक्का कोणाच्या खिशात असतो, तेही पाहावे.)

माझ्या मते अधिक परिणामकारक ठरली ती दारूदुकानाविरुद्धच्या मतदानाची तरतूद, कारण तेथे यजमानांना मध्ये पडताच येत नाही: गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे मतपत्रिकेवरील दुकानबंदीच्या चिन्हाला, कौल दिला, की दुकान बंद करावे लागते.