प्लॅन २००चा, वेग ९४चा

प्रश्न : २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. लॅपटॉप केबलने जोडला तरी वेग ९४च्या वर जात नाही. आतल्या खोलीत वायफायवर तर जेमतेम २०. काय करावं?

उत्तर : ९४ या आकड्यातच चोर सापडतो. १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टमधून (केबल खोचायच्या जागेतून) प्रत्यक्षात एवढाच वेग मिळतो. राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट ‘१०/१००’ (म्हणजे कमाल १०० एमबीपीएसचा) असेल तर केबल बदलून उपयोग नाही. दोन्ही गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असतील तर केबल तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात. कनेक्टरमध्ये एखादी जरी सैल असली, तरी जोडणी बहुधा १००वर उतरते. साधी ‘कॅट ५ई’ प्रकारची केबल पुरते, महागड्या केबलच्या नादी लागू नका.

आतल्या खोलीत वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड भिंतींपुढे लवकर हात टेकतो. तिथे २.४ गिगाहर्ट्झ बँड ठेवा, त्यातला चॅनेल (उपपट्टा) १, ६ किंवा ११, ज्यावर गर्दी कमी तो. आणि राउटर टीव्हीमागे असेल तर तिथून काढा!