वाघिणी वर्षवर्षभर उभ्या का राहतात?

प्रश्न: माझा मुलगा अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याच्या घराजवळच्या रुळावर मालगाडीचे डबे वर्ष झालं जागचे हललेले नाहीत, खाली गवत, वर गंज, ना इंजिन ना माणूस. इकडं आमच्या होटगीकडं एखादा रेक (म्हणजे अख्खी मालगाडी) दोन दिवस थांबला तरी फोनाफोनी सुरू होते म्हणतात. मग तिकडं ते डबे भंगारात का घालत नाहीत? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: कारण ते भंगार नाही, बहुतेक तरी नाही. आमचे वडील मालधक्क्यावर होते, त्यांच्या तोंडी डबा कधी नसायचा, वाघीण असायचं, इंग्रजी वॅगनची आपण केलेली वाघीण, तर मीही तेच म्हणणार.

जून-जुलैत मंगळवेढा, पंढरपूरकडं एक चक्कर मारून या. उसाच्या ट्रॉल्या, टायरगाड्या घरामागं, बांधावर उभ्या, चाकात गवत. ह्या विकून का टाकत नाही असं कुणी विचारतं का? दिवाळीच्या आसपास कारखान्याचा बॉयलर पेटला की तीच ट्रॉली लागणार आणि तेव्हा मागून मिळणार नाही. तिकडच्या वाघिणींचं तसंच आहे, फक्त त्यांचा सीझन कधी कधी दोन-चार वर्षांनी उगवतो.

२००९ च्या मंदीत उत्तर अमेरिकेतल्या साधारण तिसरा हिस्सा वाघिणी उभ्या होत्या, पाच लाखाच्या आसपास. घरं बांधणं थांबलं म्हणून लाकूड वाहणाऱ्या उभ्या, गाड्यांचा खप पडला म्हणून मोटारी वाहणाऱ्या उभ्या. आणि तिकडं वाघीण एकेका मालासाठीच बांधलेली असते, धान्याच्या बंद वाघिणीत तेल भरता येत नाही आणि तेलाच्या टाकीत मका, त्यामुळं एक धंदा बसला की त्याच्या वाघिणी दुसरीकडं जुंपताही येत नाहीत. पुढं २०१५-१६ ला कच्च्या तेलाचा भाव पडला तेव्हा तेलाच्या टाक्या आणि तेलविहिरीत घालायच्या वाळूच्या वाघिणी अशाच रांगेत लागल्या. कोळशाच्या मात्र वेगळ्या, वीज केंद्रं गॅसवर गेली, त्या सगळ्या परत कामाला लागतील असं मला वाटत नाही.

आता मोडून का टाकत नाहीत? अहो, मंदीत भंगाराचा भावही पडलेला असतो! आणि नवी वाघीण घ्यायला गेलं तर लाखभर डॉलर सहज जातात. त्यापेक्षा कुठंतरी दिवसाला थोडे डॉलर भाडं भरून उभी केलेली परवडते.

हे भाडं घेतो कोण, ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत निम्म्याहून जास्त वाघिणी रेल्वे कंपन्यांच्या नसतातच, माल पाठवणाऱ्यांच्या नाहीतर भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या असतात, टाक्या तर जवळजवळ सगळ्या. आणि रेल्वेवरची सरकारी बंधनं सैल करणाऱ्या १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या रेल्वे कंपन्यांनी न चालणाऱ्या फाट्याच्या लाइनी विकून टाकल्या, त्या चालवणाऱ्या छोट्या कंपन्या आज सहाशेच्या घरात आहेत. त्यांच्याकडं रूळ भरपूर आणि गाड्या कमी, मग रिकामा रूळ पार्किंगला दिला की घरबसल्या पैसे. लोकांना ते आवडतंच असं नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅक या जपलेल्या जंगलात जुन्या तेलटाक्या आणून लावल्या, लोक भडकले, टाक्या निघाल्या वॉरेन बफे यांच्या समूहातल्या कंपनीच्या, शेवटी पुढच्या वर्षी हलवाव्या लागल्या.

आपल्याकडं बहुतेक वाघिणी रेल्वेच्याच आणि जागेची बोंब. ५८ वाघिणींचा कोळशाचा रेक म्हणजे जवळपास सातशे मीटर, तो उभा केला की स्टेशनातली बाजूची एक अख्खी लूप लाइन गेली, मग मेल-एक्स्प्रेसला वाट द्यायची कुठून? मालधक्क्यावर वेळेत रिकामा केला नाही तर व्यापाऱ्याला तासावर डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लागतं. पावसाळ्यात सिमेंटची मागणी पडते, फताटेवाडीच्या वीज केंद्राचा कोळसा कधी पुढं जागा नाही म्हणून वाटेत थांबतो, पण हा थांबा दिवसांचा. आपल्या यार्डात महिनोन्‌महिने उभी वाघीण दिसली तर ती बहुतेक सिक लाइनवरची दुरुस्तीची, नाहीतर खरंच लिलावाला काढलेली.

प्रश्न: उभ्या मालगाडीच्या चाकाला साखळी बांधून कुलूप घातलेलं बघितलं. चाकं पण चोरीला जातात का? (एक विद्यार्थिनी, बाळे)

उत्तर: नाही गं, गाडी स्वतःच पळून जाऊ नये म्हणून. वाघिणीचे ब्रेक हवेवर चालतात, इंजिन काढलं की हवा हळूहळू गळून जाते आणि ब्रेक सुटतो. म्हणून हाताचे ब्रेक आवळायचे, चाकाखाली लाकडी पाचर ठोकायची, वर साखळी-कुलूप. ६ जुलै २०१३ ला कॅनडात लाक-मेगांटिक गावाच्या वरच्या चढावर तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी रात्री उभी केलेली, हाताचे ब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते, इंजिनाला आग लागली म्हणून ते बंद केल्यावर हवा गळाली आणि गाडी उतारानं गावात घुसून पेटली, ४७ माणसं गेली. त्यानंतर जुन्या पातळ पत्र्याच्या टाक्या कच्च्या तेलावरून टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरलं (वरच्या प्रश्नातल्या रांगांमध्ये अशाही असतात बरं का). आणि आपल्याकडं २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूकडच्या कठुआहून खडीनं भरलेल्या ५३ वाघिणी इंजिनासकट, ड्रायव्हरशिवाय सत्तर किलोमीटरवर पळाल्या, पार पंजाबात ऊंची बस्सीला रुळावर लाकडं टाकून थांबवल्या. कुणाला लागलं नाही हे नशीब. तू बघितलेलं कुलूप त्यासाठीच असतं.