बाबा गातात, मग बोलत का नाहीत?

"बाबा नाटक तर करत नाहीत ना हो?" दवाखान्यात खुर्चीत नीट टेकायच्या आधीच लेकीनं मला विचारलं. बाबा शेजारीच बसले होते. पक्षाघात होऊन चार महिने झालेले, उजवा हात लुळा, तोंडात एकच शब्द, "हेच, हेच." आणि आदल्या रात्री एक जुनं गाणं त्यांनी शब्दासकट अख्खं म्हटलं होतं. सकाळी लेकीनं "माझं नाव सांगा" म्हटलं, तर पुन्हा "हेच, हेच."

तिचा प्रश्न ऐकून त्यांनी मान खाली घातली. कळत सगळं होतं. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि पुढचं त्यांनाच सांगितलं.

हे नाटक नव्हे, हा वाचाघात, म्हणजे मेंदूतल्या भाषेच्या भागाला इजा होऊन बोलणं अडणं. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डावीकडे चालतो. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये असाच एक रुग्ण पाहिला. तो 'तां' एवढंच बोलू शके. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. गाण्याला मात्र उजवी बाजूही हात देते. शिवाय पाठ गाणं म्हणजे ओवलेली माळ. एक मणी ओढला की बाकीचे मागून येतात. आकडे, वार, अगदी शिव्याही तशाच सुटतात. (शिवी ऐकून घरचे ओशाळतात, मला बरं वाटतं.) नवं वाक्य बोलायचं तर एकेक मणी शोधून ओवावा लागतो. तिथं गाडी अडते.

"मग दिवसभर गाणीच लावू का?"

लावा की, मन रमेल. पण नुसत्या गाण्यांनी बोलणं परत येत नाही. १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी मांडलेली पद्धत वेगळी आहे: रोजच्या गरजेची छोटी वाक्यं वरखाली सुरांत म्हणायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं ठेका द्यायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. काम सुरांमुळे होतं की ठेक्यामुळे, यावर अजून वाद आहे. समज शाबूत आणि बोलणं अडलेलं, अशांना तिचा उपयोग जास्त. मी त्यांना वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. लेकीला एवढंच म्हटलं, "त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला."

सहा आठवड्यांनी दोघं आली. सराव चालला होता 'पाणी हवं' या वाक्याचा. तिनं सवयीनं बाटली पुढे केली. बाबांनी मांडीवर ठेका धरला आणि सुरात म्हणाले, "पा-णी न-को."