फर्मने कापलेला कर ‘एस्टिमेटेड टॅक्स’मध्ये दाखवला, आता नोटीस आली

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मेहुण्याच्या एलएलसीत माझी भागीदारी आहे. २०२४ मध्ये माझ्या वाट्याच्या ४०,००० डॉलरमधून फर्मने राज्याच्या करापोटी २,८०० कापून भरले. सॉफ्टवेअरमध्ये के-१ (भागीदाराच्या वाट्याचं उत्पन्न दाखवणारा फॉर्म) भरताना ही रक्कम टाकायला जागाच दिसली नाही, म्हणून ती एस्टिमेटेड टॅक्समध्ये टाकली. कर १,९१० निघाला, म्हणजे ८९० परत मिळायला हवे होते. उलट नोटीस आली : असा भरणा आमच्याकडे नाही, १,९१० आणि वर व्याज-दंड भरा. दोनदा कर भरायचा का?

उत्तर : नाही. घाबरून चेक पाठवू नका. तुमचे पैसे राज्याकडे पोचले असणार, फक्त ते वेगळ्या खात्यावर जमा आहेत.

एस्टिमेटेड टॅक्स म्हणजे तुम्ही स्वतःच्या नावाने भरलेला कर. फर्मने केलं ते विदहोल्डिंग, म्हणजे तुमच्या वाट्यातून कापून भरलेला कर. परराज्यातल्या भागीदाराच्या वाट्यातून कॅलिफोर्निया सात टक्के कापायला लावतं, आणि ४०,००० चे सात टक्के बरोबर २,८०० होतात. केंद्राच्या के-१ वर राज्याच्या कपातीचा रकानाच नाही, म्हणून सॉफ्टवेअरने तिथे ती विचारली नाही. ती ‘डब्ल्यू-२ किंवा १०९९ वर न आलेली कपात’ अशा पानावर, नाहीतर कॅलिफोर्नियाच्या भागात ‘५९२-बी’ (कापलेल्या कराचा दाखला) या नावाने भरायची असते.

हा ५९२-बी फॉर्म मेहुण्याकडून आजच मागवा. सोबत विचारा, की फर्मने ५९२-पीटीई (या कपातीचा राज्याला द्यायचा वार्षिक फॉर्म) भरला का, आणि त्यात तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर बरोबर आहे का. तो नंबर चुकला असेल तर तुमची बाजू खरी असूनही राज्याला रक्कम जुळवता येणार नाही. नात्यातला माणूस आहे म्हणून संकोच करू नका. हा कागद देणं फर्मचं कायदेशीर कर्तव्य आहे. मग नोटिशीतली मुदत टळायच्या आत ५९२-बीची प्रत जोडून लिहा, की ही रक्कम विदहोल्डिंग होती, चुकून एस्टिमेटेडमध्ये दाखवली गेली.

फर्मने पास-थ्रू एंटिटी टॅक्स (भागीदारांच्या उत्पन्नावरचा राज्याचा कर फर्मनेच भरण्याची सोय) निवडला असता तर गोष्ट वेगळी होती. तो उत्पन्नावर ९.३ टक्के असतो, त्याचं क्रेडिट ३८०४-सीआर फॉर्मवर घ्यावं लागतं आणि उरलेलं परत मिळत नाही, पाच वर्षं पुढे ओढता येतं. विदहोल्डिंगमधलं जास्तीचं मात्र परत मिळतं.

तुमच्या न्यू जर्सीच्या रिटर्नची मला जास्त काळजी वाटते. तिथे दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण ते कापलेल्या रकमेवर नाही, कॅलिफोर्नियाच्या रिटर्नवर अखेर निघालेल्या करावर. म्हणजे जास्तीत जास्त १,९१०, तेही न्यू जर्सीच्या स्वतःच्या मर्यादेत बसेल तेवढंच. हे क्रेडिट जिथे मोजतात ते शेड्युल एनजे-सीओजे उघडून पाहा. तिथे २,८०० लिहिले असतील आणि त्यामुळे क्रेडिट जास्त घेतलं गेलं असेल, तर एनजे-१०४०एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरून फरक स्वतःहून चुकता करा. व्याज दर महिन्याला वाढतं, तिथून नोटीस यायची वाट पाहू नका.