ते पुस्तक आधी परत कर

*मी सतरा वर्षांचा आहे. 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी सात महिन्यांत पाच वेळा वाचली. तिचा नायक होल्डन कॉलफील्ड म्हणजे मीच, असं पहिल्या पानापासून वाटत आलंय. माझ्या आजूबाजूला सगळे त्याच्या शब्दांत 'फोनी', म्हणजे ढोंगी, आहेत. वर्गातली मुलं मार्कांसाठी सरांच्या पुढेपुढे करतात, नातेवाईक पाठीमागे नावं ठेवतात आणि समोर गोड बोलतात, मी काय वाचतो याच्याशी आईबाबांना काही देणंघेणं नाही. मला खोटं वागता येत नाही, म्हणून मी एकटा पडलोय. पुस्तकाबद्दल बोलायलासुद्धा कोणी नाही. (पुस्तक एका मित्राचं आहे, त्यानंच सात महिन्यांपूर्वी आणून दिलं. पण त्यालाही ते कळलेलं नाही. पेन्सिलीच्या खुणा भलत्याच ठिकाणी केल्यात, सगळ्या होल्डनच्या त्या मेलेल्या भावाच्या पानांवर, 'फोनी'वाल्या एकाही वाक्याला नाही. आठ महिन्यांपूर्वी त्याची ताई गेली, तेव्हापासून तो तसाही कोणाशी बोलत नाही. वर्गातले सगळे त्याच्या घरी जाऊन तीच ती वाक्यं बोलून आले. मला ते नाटक जमणार नव्हतं, मी गेलो नाही.) अशा खोट्या जगात माझ्यासारख्यानं राहायचं कसं?*

*तुमचा, होल्डन*

अरे,

मी तुला होल्डन म्हणणार नाही. का ते सांगते.

तुझ्या पत्राचा बराचसा भाग मी भराभर वाचला. मुलं खोटी, नातेवाईक खोटे, आईबाबा लांबचे. अशी पत्रं मला इतकी येतात की अक्षर तेवढं बदलतं, मजकूर तोच. कंसापाशी मात्र मी थांबले. परत वाचला. मग पेन खाली ठेवून चहा करून आले, कारण लगेच लिहायला बसले असते तर तुला फार बोलले असते. आताही थोडं बोलणार आहेच.

तारखा तूच दिल्यास, जुळवून बघ. ताई जाऊन आठ महिने. पुस्तक तुझ्याकडे येऊन सात. म्हणजे बहीण गेल्यावर महिन्याभरात, कोणाशीही न बोलणारा तो मुलगा उठला, एक पुस्तक घेतलं आणि वर्गातल्या एवढ्या मुलांमधून तुझ्याकडे आला. त्याला भेटायलाही न गेलेल्या तुझ्याकडे. त्यात त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, आणि सगळ्या मेलेल्या भावाच्या पानांवर. तू त्या पाहिल्यास आणि निकाल दिलास की याला पुस्तक कळलेलं नाही.

पाच वेळा वाचलंस ना? मग तो निबंध आठव.

होल्डनचा खोलीसोबती स्ट्रॅडलेटर त्याला आपल्यासाठी निबंध लिहून द्यायला सांगतो. कशाचंही वर्णन चालेल, खोलीचं, घराचं. होल्डनला खोलीचं वर्णन सुचत नाही. तो आपल्या धाकट्या भावाच्या, ॲलीच्या, बेसबॉलच्या हातमोज्यावर लिहितो. ॲलीनं त्या हातमोज्यावर हिरव्या शाईनं कविता लिहिलेल्या असतात, मैदानात उभं असताना कोणी बॅटिंगला नसलं की वाचायला काहीतरी हवं म्हणून. ॲली ल्युकेमियानं गेला. १८ जुलै १९४६, होल्डन तारीख सांगतो. त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डननं गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीनं फोडल्या. पाऊस आला की तो हात अजून दुखतो आणि मूठ पुरती वळत नाही. हे सगळं पोटात ठेवून तो निबंध लिहितो. स्ट्रॅडलेटर बाहेरून येतो, वाचतो आणि भडकतो. खोलीवर लिहायला सांगितलं होतं, हातमोज्यावर कसलं लिहिलंयस! होल्डन कागद त्याच्या हातातून काढून घेतो आणि फाडून टाकतो.

आता सांग, तुमच्या दोघांत होल्डन कोण आहे?

तुझ्या मित्रानं तुला हातमोजा दाखवला. होल्डननं तो घरच्यांखेरीज फक्त एकाच व्यक्तीला दाखवला होता, जेन गॅलघरला. आणि तू म्हणालास, अरे, खोलीवर लिहायचं होतं. तू स्ट्रॅडलेटर झालास. वाईट मुलगा नाहीये तो, हेही सांगते. देखणा आहे, आपल्याच घाईत असतो आणि समोरच्यानं हातात काय ठेवलं याकडे बघत नाही, एवढंच.

मलाही अठराव्या वर्षी ते पान दिसलं नव्हतं. मीही 'फोनी' हा शब्द शिकून घेतला आणि वर्षभर ज्याच्या त्याच्या तोंडावर फेकला. आपल्याकडे 'कोसला' वाचून उठताबसता 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांतल्या कितीजणांना पांडुरंगाची धाकटी बहीण मनी आठवत होती, कोण जाणे. पुस्तकातला तुसडेपणा चटकन उचलता येतो. त्याच्या तळाशी गेलेलं भावंड असतं, ते उचलायला जड. तुझ्या मित्रानं तेच उचललं, कारण त्याला दुसरा इलाजच नव्हता. होल्डनला काही आवडतच नाही, एक गोष्ट आवडते ती सांग, असं त्याची धाकटी बहीण फीबी म्हणते तेव्हा तो बराच वेळ चाचपडतो आणि शेवटी म्हणतो, मला ॲली आवडतो. ॲली तर मेलाय, ती म्हणते. तो म्हणतो, मेला म्हणून काय आवडायचं थांबवायचं? हे पान पुन्हा उघड आणि कडेला पेन्सिल दिसते का बघ. माझी खात्री आहे, असणार.

आता त्या 'नाटका'बद्दल. तू हुशार आहेस, तेव्हा तुझ्या मनात येईल की होल्डनही ॲलीच्या अंत्यविधीला नव्हता. नव्हता. तो हॉस्पिटलमध्ये होता, काचा फोडून हाताची वाट लावून घेतली होती म्हणून. तू कुठे होतास? घरी, आणि सगळे कसे तीच ती वाक्यं बोलतात याचा विचार करत. त्या अंत्यविधीला त्यांच्या नात्यातली एक बाई सारखी म्हणत राहिली की ॲली किती शांत दिसतोय. हे होल्डनला त्याच्या मोठ्या भावाकडून कळतं आणि त्याचा संताप होतो. मीही तिथे असते तर वैतागले असते. पण ती आली होती.

आणि खोटं बोलणं? अरे, होल्डनइतकं खोटं कोण बोलतं त्या पुस्तकात! तो स्वतःच सांगतो की मी पट्टीचा थापाड्या आहे. रात्रीच्या गाडीत त्याला मिसेस मॉरो भेटतात, त्याच्या वर्गातल्या अर्नेस्टची आई. हा अर्नेस्ट त्याच्या मते शाळेतला सगळ्यात नालायक पोरगा. पण त्या माउलीला तो काय सांगतो? तुमचा मुलगा फार लाजाळू आहे हो, इतका विनयशील की आम्ही त्याला वर्गाचा अध्यक्ष करत होतो तर त्यानं करू दिलं नाही. सगळं साफ खोटं, आणि तिचा चेहरा उजळतो. यात त्याचा चावटपणा आहे, कबूल. स्वतःचं नावही तो खोटंच सांगतो, वसतिगृहाच्या शिपायाचं. पण आपल्या मुलाबद्दल काहीतरी चांगलं ऐकायला आसुसलेली एक आई समोर बसली आहे, हेही त्याला दिसलेलं असतं. तुझ्या वर्गातली मुलं त्या घरी जाऊन 'काही लागलं तर सांगा' म्हणाली असतील, 'धीर धरा' म्हणाली असतील. शिळी वाक्यं, मान्य. पण तेवढ्या वेळापुरतं त्या घरात कोणीतरी बसलेलं होतं. तू खरेपणा जपलास. तो कोणाच्या उपयोगी पडला?

तुला खोटं वागता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. तुला भीती वाटली. सतराव्या वर्षी मित्राच्या घरात एवढं मोठं काही घडलं की काय बोलावं सुचत नाही, हात कुठे ठेवावेत कळत नाही, आपल्याला रडूच आलं नाही तर काय, आणि आलं तर काय. तेवढंच लिहून पाठवलं असतंस तर मी तुला एक शब्द बोलले नसते. चाळिशीतली माणसंही त्या दाराशी घुटमळतात, मीही घुटमळले आहे. पण तू त्या भीतीला तत्त्व म्हणालास, आणि वर तिला होल्डन घालतो ती लाल शिकारी टोपी घातलीस.

जगात कसं राहायचं ते राहू दे. वर्गातली मुलं, नातेवाईक, कोणी कुठे पळून जात नाहीत. आईबाबांचंही नंतर बघू, तू काय वाचतोस ते तू त्यांना कधी सांगितलंस का, हे मी विचारणार आहेच. आज संध्याकाळी तू एकच काम करायचं आहेस. पुस्तक घेऊन त्याच्या घरी जायचं.

आधी फोन करू नकोस, तुझं बोलणं तिथेच संपेल. माफीचं भाषण पाठ करू नकोस. 'सॉरी, उशीर झाला' पुरे, ते दोन्ही अर्थांनी खरं आहे. मग त्यानं खूण केलेलं एखादं पान उघड, तुला सगळ्यात जास्त खटकलेलं, आणि त्याला विचार, इथे का रे खूण केलीस? आणि गप्प बस. तो लगेच बोलेल असं नाही. पाच मिनिटं बोलणार नाही, कदाचित आज बोलणारच नाही. बसून राहा. बोललाच तर ताईबद्दल बोलेल. ती काय गुणगुणायची, कशावरून चिडायची, तिच्या वह्यांचं आता काय झालंय. तू काही समजावायला जाऊ नकोस, आणि होल्डनचं नाव तर अजिबात काढू नकोस.

पुस्तक त्यानं परत घेतलं तर दे. राहू दे म्हणाला तर ठेव. खुणा खोडू मात्र नकोस.

आणि हो, दार त्याच्या आईनं उघडलं तर पुस्तक त्यांच्या हातात देऊन जिन्यावरून पळू नकोस. होल्डन अख्ख्या पुस्तकभर जेनला फोन करायचं म्हणत राहतो. लावतोसुद्धा, पण एकदा तिची आई उचलते आणि हा ठेवून देतो. तू काकूंना सांग, मी तुमच्या मुलाचा मित्र आहे, त्या वेळी यायचं राहिलं माझं. त्या आत बोलावतील. जा.