न थांबणाऱ्या लूपची टेस्ट कशी लिहायची?

प्रश्न : केळीच्या बागेतल्या ठिबकची मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पायथनचा प्रोग्रॅम लिहिला आहे. ‘व्हाइल ट्रू’ या न थांबणाऱ्या लूपमध्ये दर 60 सेकंदांनी मातीतला ओलावा वाचतो, 30 टक्क्यांच्या खाली गेला की मोटर चालू, 60च्या वर गेला की बंद. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाने हे फंक्शन चालवलं की टेस्ट संपतच नाही. काय करावं? (एक वाचक, रावेर)

उत्तर : फंक्शनच परत येत नाही, तर टेस्ट संपणार कशी? आधी लूपच्या पोटातला निर्णय उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये टाका. त्याला ओलावा आणि मोटरची सध्याची स्थिती द्यायची, त्याने नवी स्थिती परत करायची. त्यात सेन्सर नको, रिले (मोटरचा स्विच) नको, स्लीप (60 सेकंद थांबणं) तर नकोच. मग काठावरचे आकडे देऊन बघा : 29, 30, 60, 61. आणि 45 दोनदा, मोटर चालू असताना आणि बंद असताना; दोन्ही वेळा स्थिती आहे तीच राहिली पाहिजे. बहुतेक चुका इथेच सापडतात.

आता उरला नुसता लूप. कोडला फार हात लावायचा नसेल, तर टेस्टपुरतं स्लीपच्या जागी मॉक, म्हणजे खोटं फंक्शन ठेवा. पहिल्या दोन वेळा त्याने काहीच करायचं नाही, तिसऱ्यांदा तुमचं स्वतःचं एक्सेप्शन (लूप तोडणारी एरर) फेकायचं. टेस्टने ते पकडायचं आणि सेन्सर 3 वेळा वाचला गेला का ते बघायचं. ‘फ्रॉम टाइम इम्पोर्ट स्लीप’ असं लिहिलं असेल, तर पॅच (ही अदलाबदल) तुमच्या मॉड्यूलमधल्या स्लीपवर करा. टाइममधल्यावर केलात तर खरंच मिनिटभर बसून राहाल.

सेन्सरची वायर सुटली तरी प्रोग्रॅम पडू नये म्हणून आपण वाचनाचा कोड ‘ट्राय’मध्ये ठेवून एरर पकडणारं ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ लावतो. स्लीप त्याच ट्रायच्या आत असेल, तर तुमचं थांबवणारं एक्सेप्शनही तिथेच गिळलं जातं. मॉकची यादी संपली की तो ‘स्टॉपइटरेशन’ फेकतो, तेही गिळलं जातं, आणि लूप आता न थांबता सुसाट फिरतो. स्लीप ट्रायच्या बाहेर काढा.

पण कोड बदलायची तयारी असेल, तर मॉकपेक्षा पायथनच्या थ्रेडिंग मॉड्यूलमधला इव्हेंट बरा; तो म्हणजे ‘आता थांब’ सांगणारी खूण. ‘व्हाइल ट्रू’ऐवजी ‘इव्हेंट सेट होईपर्यंत’, आणि स्लीपऐवजी इव्हेंटचा वेट. 60 हा आकडा पॅरामीटर करा, टेस्टमध्ये 0 द्या. खोट्या सेन्सरने 2 वाचनं द्यावीत आणि दुसऱ्या वाचनालाच इव्हेंट सेट करावा. दोन्ही वाचनं 20 टक्क्यांची ठेवा, म्हणजे थांबताना मोटर चालू असेल. मग रिलेला शेवटचा हुकूम ‘बंद’ गेला का ते तपासा. ही टेस्ट टाळू नका. लिनक्सवर प्रोग्रॅम चालू-बंद करणारा सिस्टमडी सर्व्हिस थांबवताना सिगटर्म हा ‘बंद हो’चा सिग्नल पाठवतो, आणि तो झेलणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, लावलं नसेल तर पायथन ‘फायनली’ (जाता जाता आवराआवर करणारा भाग) न चालवताच मरतो. प्रोग्रॅम बंद, रिले मात्र चालू राहू शकतो, आणि बागेत रात्रभर पाणी. हँडलरमध्ये फक्त इव्हेंट सेट करा, मोटर ‘फायनली’त बंद करा.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा टेस्टला टाइमआउट लावला तर? (एक विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : लावाच, पण अडकलेली टेस्ट कळावी एवढ्यासाठी. पायटेस्ट-टाइमआउट हे प्लगइन वेगळं टाकावं लागतं. 5 सेकंद पुरेत. लिनक्सवर तेवढी एक टेस्ट नापास होऊन पुढच्या चालतात. विंडोजवर मात्र अख्खी प्रोसेसच बंद पडते, राहिलेल्या टेस्ट तशाच राहतात.