व्हीलचेअरसाठी भाड्याची गाडी

प्रश्न : आईला उभं राहता येत नाही. पुण्याहून कोल्हापूरला जायचंय. कोणती गाडी ठरवावी?

उत्तर : गाडीच्या नावाआधी सीएनजीचं विचारा. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत डिकीत सिलिंडर असतो. मग घडीची खुर्चीही मावत नाही आणि हे निघायच्या दिवशी कळतं. पेट्रोल किंवा डिझेल गाडीच हवी, असं बुकिंगलाच सांगा आणि डिकीचा फोटो मागवा. खुर्चीची घडी करून, पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) काढून मापं घ्या.

दुसरी गोष्ट सीटची उंची. खुर्चीची बैठक साधारण 48 ते 50 सेंमी असते. गाडीची सीट तिच्याजवळपास असेल तर सरकवणं सोपं. उंच एसयूव्हीत आईंना अक्षरशः उचलावं लागेल. त्यामुळे सेडान बरी, फक्त चढवताना डोकं छताला लागणार नाही हे बघा.

पुढची डावी सीट पूर्ण मागे घ्या, दार पूर्ण उघडा. खुर्ची सीटला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, खुर्चीचा गाडीकडचा हात (आर्मरेस्ट) काढा, मग खुर्ची आणि सीटच्या मध्ये फळी ठेवून तिच्यावरून आईंना सरकवा. गाडी सपाट जागीच थांबवायला सांगा, उतारावर खुर्ची सरकते. आणि काखेत धरून ओढू नका, खांदा दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधून धरा.